धरणगावची दुर्पताबाई

फाल्गुन उतरणीला लागला की आमच्या इमारतीच्या कुंपणापाशी उभा असलेला कडुनिंब मोहरतो, आणि नेमकी त्याच सुमाराला घरात कुणाची तरी परीक्षा असते. पूर्वी मुलांची असायची, आता नातीची आहे. ती गॅलरीत खुर्ची टाकून काहीतरी घोकत बसते. वाऱ्याची झुळूक आली की निंबाची बारीक पांढरी फुलं तिच्या वहीवर पडतात आणि ती वर न बघता झटकून टाकते. मी आत पलंगावर पडल्या पडल्या तो वास घेत राहते. कडवट, गोडसर, दुपारी जरा डोकं जड करणारा. तो आला की मी अजूनही उशाशी पुस्तक चाचपते. नव्वदीला टेकलेल्या बाईला आता कसली आली परीक्षेची भीती? पण शरीराला वय कळत नाही, त्याला वास कळतो.

मग मी जळगावच्या या तिसऱ्या मजल्यावरून मनानेच उठते आणि धरणगावला जाते.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, धरणगावला पोस्टमास्तर होते. पुढे ऑफिस, मागे आमच्या तीन खोल्या आणि दोहोंच्या मधे एक बोळ. शहाबादी फरशीचा, अरुंद, कायम सावलीत असलेला तो बोळ म्हणजे उन्हाळ्यातली आमची सगळ्यात श्रीमंत जागा. मी जळगावच्या कॉलेजात इंटरला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला होते आणि परीक्षेआधीच्या सुट्टीत अभ्यासासाठी घरी आले होते. आमच्या घराण्यातली कॉलेजात गेलेली मी पहिलीच मुलगी. काका-आत्या नानांवर नाराज होते. नानांनी मला एकदाच, अगदी शांतपणे सांगितलं होतं की पास झालीस तर बी.ए.पर्यंत मी कुणाचं ऐकणार नाही, नापास झालीस तर मात्र मला इतरांचं ऐकावं लागेल. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. काढायची गरजही नव्हती.

धरणगाव तेव्हा कापसाचं गाव होतं आणि त्या दिवसांत हंगामाचं शेपूट उरलेलं असायचं. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनांची घरघर सकाळी सुरू व्हायची ती कानाला इतकी सवयीची की बंद पडली तरच दचकायला व्हायचं. कापसाचे पुंजके हवेत तरंगत असत. ते तुळशीवर बसत, पिण्याच्या पाण्याच्या हंड्यावर बसत, नानांच्या टेबलावरच्या डिंकाच्या बाटलीला चिकटत. अंगणात खाटांवर बिबडे, आमच्याकडचे ज्वारीचे पापड, वाळत असत आणि त्यांची राखण करता करता मी माझी पुस्तकं वाचत असे. इतिहास जमत होता, तर्कशास्त्र घोकून होत होतं. अडलं होतं ते इंग्रजीचं एक पुस्तक.

ते एका इंग्रज उमरावाच्या मुलीचं चरित्र होतं. अठराव्या शतकातली बाई, नाव लेडी डोरोथिया. वाक्यं अशी लांब, की सुरुवात कुठे झाली हे शेवटाला पोचेपर्यंत विसरायला व्हावं. तिच्या घरातल्या मेजवान्या, तिचे झगे, तिच्या आत्या आणि त्यांचे किताब, यांतून मला काही वाट सापडत नव्हती. मी बोळात बसून मोठ्याने वाचायची आणि मग स्वतःलाच मराठीत समजावून सांगायची.

एके दुपारी बोळाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला, “तू वाच वं पोरी. मी आयकस.”

ती द्वारकाअक्का. आमच्या ऑफिसातले पोस्टमन नथूभाऊ पलीकडच्या दोन खोल्यांत राहत, त्यांची ही बहीण. तिशी ओलांडलेली, उंच, हाडापेराने मजबूत. सकाळी जिनात कापसातला पाला-कचरा वेचायला जायची आणि दुपारी परतली की अंगावरचा कापूस झटकून आमच्या बोळात गोधडी शिवायला बसायची. तिच्या भुवयांवर मात्र कापसाची तंतूभर पांढरी रेघ राहूनच जायची. भावजयीचं आणि तिचं वाकडं नव्हतं, पण परक्या घरात आपण जागा किती अडवायची हे अक्काला फार बारीक कळायचं. म्हणून दुपारी ती आमच्या बोळात.

तिची कथा गावाला माहीत होती. तिला यावलकडच्या एका गावी दिलं होतं, केळीच्या बागा असलेलं मोठं घर. लग्नाला पाच वर्षं झाल्यावर नवऱ्याने दुसरी आणली. अक्का बोलली, तर मार बसू लागला. एकदा तिच्या अंगात ताप असताना नथूभाऊ तिला बघायला गेले आणि तसंच उचलून घेऊन आले. मुलगा तीन वर्षांचा होता, मुरलीधर. सासूने त्याला कडेवरून खालीच ठेवलं नाही. तुला जायचं तर जा, लेकरू आमचं आहे, एवढंच ती म्हणाली. या गोष्टीला नऊ वर्षं झाली होती. नथूभाऊंनी बहिणीच्या वतीने दोनदा पत्रं टाकली. पहिल्याला उत्तर नाही. दुसरं, ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत आलं. ते नथूभाऊंच्याच थैलीत आलं, आणि गावभर टपाल वाटून झाल्यावर शेवटी त्यांनी ते स्वतःच्या घरी नेऊन दिलं. हे मला नानांनी सांगितलं होतं, आणि सांगताना ते खिडकीबाहेर बघत होते.

तर अशी अक्का माझी श्रोता झाली. मी एक परिच्छेद इंग्रजीत वाचायची, मग तिला मराठीत सांगायची. डोरोथिया हे नाव तिच्या जिभेवर बसेना. दुसऱ्याच दिवशी तिने तिची दुर्पता केली, आणि मग ती आमच्यासाठी दुर्पताबाईच राहिली. जणू पलीकडच्या पेठेत राहते आणि कधीतरी विहिरीवर भेटते.

दुर्पताबाईच्या बापाचा महाल एवढा मोठा की त्याच्या खिडक्या मोजता येत नाहीत, असं मी सांगितलं तेव्हा अक्काने सुई थांबवून विचारलं की एवढ्या खिडक्या पुसतं कोण. पुस्तकात ते नव्हतं. बायका डोक्यावर केसांचे उंच टोप घालत आणि त्यांवर पांढरं पीठ भुरभुरत, हे ऐकून ती किती तरी वेळ हसत होती. मग हसू थांबवून म्हणाली, तिकडे भाकरीला पीठ नसलेलं माणूस कुणी नव्हतं का? मी पान उलटून पाहिलं. त्याबद्दलही पुस्तकात काही नव्हतं. माझ्या प्राध्यापकांनी वर्षभरात जे प्रश्न विचारले नाहीत ते ही बाई गोधडीला टाके घालता घालता विचारत होती, आणि तिला उत्तरं द्यायची म्हणून मी पुस्तकात खोल शिरत होते.

दुर्पताची आई लहानपणीच वारली. ती बागेतल्या माळ्याच्या मागे हिंडून झाडांची नावं शिकली, पानाफुलांची चित्रं काढू लागली. सतराव्या वर्षी तिला एका मध्यमवयीन सरदाराला दिलं, कारण त्याच्या जमिनी तिच्या बापाच्या जमिनींना लागून होत्या. अक्का मान हलवत राहिली. हे तिला परकं वाटलं नाही. पुढे तीन मुलं झाली. नवरा पत्त्यांच्या जुगारात आणि बाहेरच्या बाईत. दुर्पता एकदा सगळ्यांसमोर बोलली, आणि त्याने तिला लांबच्या एका खेड्यातल्या घरी नेऊन ठेवलं. तिथे तिला अन्नवस्त्राची तोशीस नव्हती. फक्त मुलं नव्हती. त्या काळच्या तिकडच्या कायद्याने मुलं बापाची.

त्या दिवशी अक्काने सुई गोधडीत खोचून ठेवली.

“इतला मोठा घरनी बाई,” ती म्हणाली, “आन् तिनाबी हाईच हाल?”

पुढचे आठ-दहा दिवस मला आठवतात ते एखाद्या लांबलचक पिवळ्या दुपारीसारखे. भिंतीवर उन्हाचा पट्टा सरकत असे. ऑफिसातून शिक्के मारल्याचा ठक्क-ठक्क आवाज येई. आई मधेच ताक आणून ठेवी. दुर्पताबाई आपल्या खेड्यातल्या घरी बाग लावत होती आणि दर आठवड्याला मुलांना पत्र लिहीत होती. फुललेल्या झाडांची वर्णनं, पानांची चित्रं, पाळलेल्या बदकांच्या गमती. उत्तर येत नव्हतं. तरी ती लिहीतच होती. अक्काला त्या पत्रांचं वेड लागलं. एकेक पत्र ती मला दोनदा सांगायला लावी. तिला स्वतःला निम्मीअर्धी बाराखडी येत होती, भाऊ लहानपणी घोकायचा ते ऐकून उचललेली. आता ती माझ्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर जोडाक्षरं गिरवू लागली. मी इंग्रजी वाचत असताना ती ‘त्र’ आणि ‘ज्ञ’शी झगडत असे. आई एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली की तुझी परीक्षा आहे, तिची नाही. अक्काला सांगून सांगून मलाच ते पुस्तक पाठ होत होतं, हे आईला कसं पटवायचं?

शेवटचं प्रकरण मी आदल्या दिवशी एकटीनेच वाचून काढलं, आणि मला रडू आलं. दुर्पताला मुलं कधीच भेटली नाहीत. शेहेचाळिसाव्या वर्षी साध्या सर्दीतापाने ती त्याच घरात वारली, उशाशी फक्त एक म्हातारी दासी. पुढे नवरा मेल्यावर त्याच्या कारभाऱ्याच्या कपाटात पत्रांचे गठ्ठे सापडले. सगळ्यांवरची लाख तशीच. एकही पत्र उघडलेलं नव्हतं. थोरली मुलगी तोवर स्वतः चाळिशी ओलांडून गेली होती. तिने ती वाचली आणि छापली, म्हणून ही बाई आम्हाला अभ्यासाला होती.

दुसऱ्या दिवशी अक्का नेहमीच्या जागी येऊन बसली. गोधडीचा शेवटचा काठ राहिला होता. मी पुस्तक उघडलं, इंग्रजी वाचलं. ते तिला कळत नव्हतंच. मग सांगायची वेळ आली, तशी ती पुढे झुकली.

“मंग, पोरे उनात का?”

त्या क्षणाबद्दल मी आयुष्यभर विचार केला आहे. मी तिच्याकडे बघितलं. भुवईवर कापूस, हातात सुई, आणि तोंडावर असा काही भाव की जणू निकाल माझ्या हातात आहे. मी अठरा वर्षांची होते. मी म्हणाले, हो, आली.

एकदा खोटं बोलल्यावर पुढचं आपोआप सुचत गेलं. मी सांगितलं की दुर्पताच्या लक्षात आलं, घरी पाठवलेली पत्रं मधल्यामधे कुणीतरी दाबतं. मग तिने शक्कल लढवली. मुलगा शिकत होता त्या शाळेच्या पत्त्यावर पत्र पाठवलं. ते त्याच्या हातात पडलं. एके सकाळी ती बागेत मातीत हात घालून बसली असताना फाटकाशी एक तरुण आला आणि तिलाच माळीण समजून म्हणाला की तुमच्या बाईसाहेबांना बोलवा. ती आत गेली, हात धुतले, आणि पुढच्या दाराने बाहेर आली.

अक्काने गोधडी मांडीवरून बाजूला सारली. मग तिने विचारलं, “शाळामा कार्ड जास का?”

मी पोस्टमास्तरची मुलगी. जातं, म्हणाले.

तिने ते पोस्टकार्ड स्वतःच्या हाताने लिहिलं. मला हात लावू दिला नाही. तीन दुपारी लागल्या. यावलच्या शाळेचं नाव तिने त्या बाजूला दिलेल्या एका ओळखीच्या बाईकडून कधीच काढून ठेवलं होतं, सातवीत आहे हेही. मजकूर मला अजून पाठ आहे, कारण तो एवढासाच होता. चिरंजीव मुरलीधर यास आईचा आशीर्वाद. मी धरणगावला मामाकडे आहे. तुझी रोज आठवण येते. तू किती उंच झालास? मला आता वाचता येते. अक्षरं पावसाळ्यातल्या किड्यांसारखी कुठेही चालली होती आणि शुद्धलेखनाचं तर बोलायलाच नको. ते कार्ड तिने पेटीत टाकलं नाही. ऑफिसात जाऊन नानांच्या हातात दिलं. नानांनी ते वाचलं नाही, उलटं धरलं, पत्त्याच्या बाजूने शिक्का मारला आणि थैलीत घातलं.

मग माझे हाल सुरू झाले. जिनातून आल्यावर अक्का आधी भावाच्या तोंडाकडे बघायची. नथूभाऊ मानेने नाही म्हणायचे. चौथा दिवस, सहावा दिवस, नववा दिवस. मी पुस्तक उघडलं की अक्षरांवरून डोळे नुसते घसरत. एका बाईला मी अशा झाडावर चढवलं होतं की जे मुळात नव्हतंच. आणि तिकडे ते कार्ड हेडमास्तरांनी घरी नेऊन दिलं असेल तर? मुलाला मार बसला असेल तर? दोनदा मी खरं सांगायला तिच्या दारापर्यंत गेले आणि काहीतरी भलतंच बोलून परत आले.

अकराव्या दिवशी नथूभाऊ वाटपाला न जाता आधी बोळात आले. थैली खांद्यावर, हातात कार्ड. अक्काने ते घेतलं आणि एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचलं. वर मायना नाही, खाली सही नाही. दोनच ओळी. ‘तुमचे कार्ड मिळाले. शनिवारी शाळा सकाळची असते.’

नथूभाऊंचा चेहरा उतरला. यात काय आहे, ते म्हणाले, पोराने शाळेची वेळ कळवली आहे. अक्काही गोंधळून कार्डाची मागची बाजू बघत होती. नाना कधी नव्हे ते खुर्चीतून उठून आत आले होते. त्यांनी कार्ड हातात घेतलं. यावेळी मात्र वाचलं.

“द्वारकाबाई,” ते म्हणाले, “शनिवारी दुपारी तो मोकळा असतो. हे बोलावणं आहे.”

माझी परीक्षा सोमवारी सुरू होत होती. मी शनिवारीच वसतिगृहावर जायचं ठरलं आणि अक्का माझ्याबरोबर पहाटेच्या पॅसेंजरने निघाली. तिने भावजयीची निळी इरकल नेसली होती. मांडीवर फडक्यात बांधलेल्या गोड सांजोऱ्या. डब्यात तिने मला फक्त एकच विचारलं, की दुर्पताने हात धुऊन बाहेर आल्यावर पहिला शब्द काय काढला. खिडकीबाहेर वखरलेली काळी शेतं पळत होती, मधूनच एखादं पळसाचं झाड पेटलेलं. मी म्हणाले, पुस्तकात लिहिलेलं नाही. ती म्हणाली, बरोबर आहे, ते कोण लिहील. जळगाव आलं. मी उतरले. ती भुसावळला उतरून पुढे यावलची एसटी धरणार होती. गाडी हलली तेव्हा ती माझ्याकडे बघतही नव्हती.

पुढचं मला परीक्षा संपवून घरी आल्यावर कळलं, तेही तुकड्यातुकड्याने. ती शाळेच्या फाटकासमोर चिंचेखाली उभी राहिली. शाळा सुटली. पोरांचा लोंढा निघून गेला आणि एक मुलगा मागे राहिला. अंगाने तिच्यावर गेलेला, उंच, हाडाळ. मग त्याने दप्तरातून तिचं कार्ड काढून तिच्यापुढे धरलं. मजकुरावर पेन्सिलीने ठिकठिकाणी खुणा होत्या. ऱ्हस्व-दीर्घ, काने-मात्रे, सगळं नीट करून लिहिलेलं. तो म्हणाला की तुमच्या सहा चुका आहेत, पण पत्ता बरोबर होता.

सांजोऱ्या घरी नेता येईनात, आजी विचारेल. म्हणून त्याने तिथेच उभ्या उभ्या खाल्ल्या, एकामागून एक पाच. तिला तो सारखा तुम्ही म्हणत होता. उजव्या हाताच्या अंगठ्याला जखम होती ती तिने विचारली, तर केळीचं पान कापताना विळा लागला म्हणाला. एवढंच बोलणं. एसटी स्टँडपर्यंत मात्र तो आला. गाडी सुरू झाल्यावर खिडकीशी पळत येऊन म्हणाला, पुढच्या शनिवारीही शाळा सकाळचीच आहे.

“मना पोऱ्यानी सहा चुका काढ्यात,” अक्का सगळ्या गल्लीला सांगत होती. जिनात सांगत होती. जणू पोराने आईला सहा दागिने घातले होते.

हे सगळं गोड झालं असं मात्र समजू नये. दोन-तीन शनिवार झाले आणि त्या घरी कळलं. मुलाला मार बसला, शाळेत जाता-येता बरोबर माणूस देऊ लागले. पुढे वर्षभर भेट नाही. पण कार्डं चालू राहिली, कारण शाळेतल्या एका शिक्षकांनी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं. मॅट्रिक झाल्यावर तो जळगावला शिकायला आला आणि आपला आपण धरणगावला मामाच्या दारात उभा राहिला. नोकरी लागल्यावर त्याने आईला नेलं. त्याने तिला तुम्ही म्हणायचं सोडलं की नाही, मला माहीत नाही. तिच्या शेवटच्या आजारात मी भेटायला गेले तेव्हा तो तिच्या पायांना तेल चोळत होता आणि दोघं बोलत नव्हती. बोलायची गरज असल्यासारखीही दिसत नव्हती.

मी पास झाले. इंग्रजीच्या पेपरात नेमका प्रश्न आला होता, लेडी डोरोथियाच्या अखेरच्या वर्षांचं वर्णन करा. मी दौतीत टाक बुडवला आणि थांबले. डोळ्यांपुढे फाटकाशी उभा राहिलेला तो तरुण येत होता, मातीचे हात येत होते. मग मी खरं होतं तेच लिहिलं. कपाट, गठ्ठे, न फुटलेली लाख. लिहिताना वाटत होतं की आपण कुणाची तरी चहाडी करतो आहोत.

आज नात विचारते, आजी तू खोटं कधी बोललीस का? मी म्हणते, एकदा. बाकीचं सोडून दे.

पण तो हंगाम माझ्यापुरता संपला तो परीक्षेला नाही. तो संपला आखाजीला. अक्षय्य तृतीया हा आमच्या खान्देशातला मोठा सण. पितरांसाठी नवी मातीची घागर भरून ठेवायची, तिच्यावर खरबूज, सांजोरी, आंबा. आणि उंबरठा धुऊन त्यावर कुंकवाची बोटं उमटवायची, घरातल्या गेलेल्या एकेका माणसाचं नाव घेत, एकेक बोट. वैशाखातलं ऊन भाजत होतं. माहेरवाशिणी आल्या होत्या, पलीकडच्या निंबाला झोके बांधले होते आणि गाणी चालली होती. नथूभाऊंचा उंबरठा पुजायचं काम अक्काकडे होतं. मी पुरणाची वाटी द्यायला गेले, तेव्हा ती एकटीच उंबऱ्यापाशी उकिडवी बसून पाणी शिंपडत होती. तिच्या तोंडावर त्या दिवसांत जो उजेड होता तो मला सोसवेना. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. मुलगा आला नव्हता. कुणीच आलं नव्हतं. शाळेचा पत्ता मी रचला होता.

मला वाटलं, ती रागावेल. पाण्याचा तांब्या तिच्या हातात तसाच राहिला. तिने माझ्याबद्दल, स्वतःबद्दल, मुरलीबद्दल काहीच विचारलं नाही.

“तिना बठ्ठा कागद तसाच राहिनात?”

हो, मी म्हणाले, सगळी पत्रं तशीच.

“आन् मरताना जवळ कोनीच नही?”

दासी होती, मी म्हणाले. म्हातारी.

झोक्यावरच्या मुलींचं गाणं एकदा संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. मग तिने कुंकवाची वाटी पुढे ओढली, बोट बुडवलं आणि नावं घेत उंबरठ्यावर टेकवत गेली. सासरचं तिने कुणाचं घेतलं नाही. बाप, आई, आजोबा, लहानपणी गेलेला एक भाऊ. कुंकवाचे टिळे ओळीने उमटत होते. ओळ संपली असं वाटलं, तेव्हा तिने जरा जागा सोडून पुन्हा बोट बुडवलं आणि त्या गेलेल्या भावाच्या शेजारी आणखी एक टिळा लावला.

“हाई दुर्पतानं,” ती म्हणाली, आणि घागरीवर पाण्याची धार धरली.